मदत हवी आहे : रेम्ब्रँटचे खेड्यातील घर कसे पाहावे?

नमस्कार. डच चित्रकार रेम्ब्रँटने १६४१ साली केलेले, गवताने शाकारलेले झोपडीवजा घर आणि त्याला लागून असलेला गंजीचा मांडव दाखवणारे एचिंग (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावर शाई लावून कागदावर घेतलेले ठसाचित्र) मी गेले काही दिवस पुन्हा पुन्हा पाहत आहे. सुमारे १३ सेंटीमीटर उंच आणि ३२ सेंटीमीटर रुंद अशा या आडव्या चित्रात घर ठसठशीत आहे, तर ॲमस्टरडॅम शहर क्षितिजावर इवलेसे उरले आहे. ही उलटापालट मला फार आवडली.

तांब्याच्या पत्र्यावरील मेणाच्या थरात सुईने रेघ ओढून ती आम्लाने कोरली जाते, एवढे मला ठाऊक आहे. परंतु जुन्या छपराचा खरखरीतपणा आणि रिकामे आकाश ही दोन्ही केवळ रेघांच्या दाटी-विरळीतून कशी उभी राहतात, हे डोळ्यांना नेमके कुठे शोधायला शिकवावे? शिवाय ठसा उलटा उमटत असल्याने मूळ दृश्याची डावी-उजवी बाजू लक्षात घेऊन चित्र वाचावे का? (मी आरशात धरूनही पाहिले, घर उगाच अवघडल्यासारखे वाटले.) मुद्राचित्रण शिकलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.