पीडियाट्रिक नेफ्रॉलॉजी करू का? खरं सांगा

निवासी३: पीडियाट्रिक्स संपत आलंय, पुढे मुलांच्या किडनीचंच करायचं मनात पक्कं आहे. सिनिअर म्हणतात एवढ्याशा ब्रँचमध्ये अडकू नकोस, जागाच नाहीत. काय करू?

रात्रीचा_फोन: नको करूस. मी करतोय म्हणूनच सांगतोय. युनिटला मी एकटा, त्यामुळे ऑन-कॉलला पाळी वगैरे नाहीच, रोज माझीच. नवजात बाळाला पेरिटोनियल डायलिसिस (पोटात पाणी सोडून, परत काढून रक्त साफ करणं) लावलं की किती मिली आत गेलं किती बाहेर आलं हे रात्रभर फोनवर ऐकायचं आणि सकाळी परत ओपीडी. नेफ्रोटिकच्या (लघवीतून प्रोटीन जाऊन अंग सुजतं तो आजार) पोरांच्या आईबापांना सूज परत का आली, स्टेरॉइड का, घरी लघवीतलं प्रोटीन कसं बघायचं हे समजावण्यात पाऊण तास जातो, त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही. नोकरी बदलायची तर शहरच बदलायचं.

उंची_मोजा: त्रास खरा आहे पण 'नको करूस' हे नाही पटत. माझ्याकडे दोन वर्षांचा मुलगा आला, उंची ८५ सेंमी, क्रिएटिनिन (किडनी कमी चालली की रक्तात वाढतं ते) १.०. रिपोर्टवर रेंज मोठ्या माणसांची छापलेली, म्हणून सगळ्यांनी नॉर्मल म्हणून सोडून दिलं. श्वार्ट्झचा साधा फॉर्म्युला लावा, ०.४१३ गुणिले उंची भागिले क्रिएटिनिन, किडनीची गाळायची क्षमता ३५ येते, या वयात साधारण ९० च्या वर हवी!! लघवीच्या वाटेत जन्मापासून व्हॉल्व्ह, म्हणजे वाट अडवणारा पडदा होता. धार बारीक आहे, थेंब थेंब होते, हे आई पहिल्यापासून सांगत होती. हे ओळखणारं माणूस तयारच झालं नाही तर अशी पोरं जायची कुठे?

रात्रीचा_फोन: पकडलंस ते फार चांगलं केलंस. पण त्याला मोठा होईपर्यंत बघायचंय, तोवर तू टिकशील का? माझी सहकारी दोन वर्षांत सोडून गेली, तिचे सगळे पेशंट माझ्याकडे आले. एक मुलगी अजून दर वेळी विचारते, मॅडम कधी येणार. मला उत्तर देता येत नाही.

उंची_मोजा: मग एकट्याने करू नकोस असं सांग ना निवासी३ ला, करूच नकोस कशाला? @निवासी३, दोन कन्सल्टंट नसतील तिथे जाऊ नकोस, निदान मोठ्यांचे नेफ्रॉलॉजिस्ट तरी अडल्यानडल्याला रात्र सांभाळतील असं लेखी घे. आणि मुलाखतीत पगाराआधी विचार, रात्री दोनला बाळाचं डायलिसिस कुठली नर्स लावते. नाव सांगता आलं नाही तर सरळ उठून ये.

निवासी३: सोमवारीच एक मुलाखत आहे. हे दोन्ही विचारते.