तंत्रज्ञाच्या हाती स्लाइड नको, चुकीची उत्तरं द्या

बाळकुम_नाका
डिजिटल अभ्यासक्रमाचं काम आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या महाविद्यालयांत बहुधा एकाच क्रमाने चालतं. प्राध्यापक स्लाइड देतात, ऐरोली किंवा महापेकडचा तंत्रज्ञ त्या मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रणालीवर) चढवतो, मग चित्रीकरण होतं आणि अगदी शेवटी आठवतं की सरावप्रश्न राहिलेच. हा क्रम उलटा करायला हवा. पहिल्या बैठकीला प्राध्यापकाने एकच कागद आणावा: या घटकात विद्यार्थी नेमकं काय चुकतात.

एफवाय बीएस्सीचं टायट्रेशन घ्या, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजण्याचा प्रयोग. १० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, समोर ०.१ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड. विद्यार्थ्याला ब्युरेटचे (हायड्रॉक्साइड सोडायच्या, खुणा असलेल्या काचनळीचे) दोन फोटो दाखवायचे, सुरुवातीचं वाचन १.२ आणि शेवटचं १३.६. लागलेलं आकारमान १२.४, उत्तर १२.४ × ०.१ ÷ १० = ०.१२४ नॉर्मल. ज्याने सुरुवातीचं वाचन वजा केलं नाही त्याचं उत्तर ०.१३६ येणार. ज्याने आकारमानांची अदलाबदल केली त्याचं ०.०८०६. मूडलच्या संख्यात्मक प्रश्नात हे दोन्ही आकडे शून्य गुणांची ‘उत्तरं’ म्हणून भरता येतात आणि प्रत्येकाखाली वेगळा अभिप्राय लिहिता येतो. नुसतं ‘चूक’ असं दिसण्याऐवजी ‘ब्युरेट शून्यापासून सुरू झालेलं नाही, फोटो पुन्हा पाहा’ असं दिसतं.

टॉलरन्सचंही, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल याचंही, तेच. वाचन ०.०५ मिलीपर्यंत धरलं तर दोन वाचनांत मिळून ०.१ मिलीचा फरक पडू शकतो, म्हणजे उत्तरात ०.००१. टॉलरन्स शून्यावर राहिला तर नीट वाचणारा विद्यार्थीही नापास होतो. आणखी एक गोष्ट: दोन्ही वाचनं मेनिस्कसच्या (नळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या) तळाऐवजी वरच्या कडेवरून घेतली, तर वजाबाकीत चूक नाहीशी होते आणि उत्तर बरोबर येतं! म्हणून वाचनंही वेगळी विचारायची. हे प्रयोगशाळेत शिकवणाऱ्यालाच माहीत असतं. तंत्रज्ञाला कुणी सांगितलंच नाही तर ते प्रश्नात येणार कुठून?

कोपरी_पूल
मुद्दा शैक्षणिकदृष्ट्या बरोबर आहे, पण वेळेचा हिशेब कुठे आहे? फोटो, अपेक्षित चुका, प्रत्येकीचा अभिप्राय, टॉलरन्स असा एक प्रश्न नीट करायला अर्धा तास जातो. ६० प्रश्नांचे ३० तास झाले, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाचं पूर्ण सत्राचं अध्यापन. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, त्यावर हे.

आणि त्याची नोंद कुठे होते? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत चार क्रेडिटचा पूर्ण मूक (सर्वांसाठी खुला ऑनलाइन, MOOC) अभ्यासक्रम चार विभागांत विकसित केला तर २० गुण आहेत, एका मॉड्यूलच्या लेखकाला २. प्रश्नसंचाला स्वतंत्र रकाना नाही. त्यामुळे प्राचार्यही व्हिडिओच मागतात, कारण तो दाखवता येतो. आधी कार्यभारातून तास कमी करा, मग यादी मागा. नाहीतर हा आणखी एक फुकटचा भार आहे, आणि तो नेहमी ज्या दोन-तीन जणांच्या गळ्यात पडतो त्यांच्याच पुन्हा पडेल.

घणसोली_नोड
तंत्रज्ञाच्या बाजूने सांगतो. चुकांच्या यादीच्याही आधी एक काम आहे: लिपी. मराठी प्रश्नसंच अजूनही कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये येतात. मूडलमध्ये टाकले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टरमधून काढल्यावर जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात, ती हातानेच तपासावी लागतात.

युनिकोडमध्येही सापळे आहेत. ‘ॲसिड’मधला ॲ २००८ पासून एक स्वतंत्र अक्षर आहे, पण बरेच कीबोर्ड अजून अ आणि वर चंद्र अशी जोडी टाइप करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ऱ्हास’मधला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी लिहिला जातो, तिथेही तेच. विद्यार्थी बरोबर लिहितो आणि शून्य मिळवतो. म्हणून एका शब्दाचं मराठी उत्तर यंत्राकडून तपासून घेऊच नका. पर्याय द्या किंवा जोड्या लावा. संख्यात्मक प्रश्नात अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करा, ही सूचना प्रश्नातच लिहा, कारण देवनागरी ५ हा मूडलच्या लेखी आकडा नसतो.

ही एका पानाची नियमावली काम सुरू होण्याआधी ठरली नाही, तर चुकांची कितीही सुंदर यादी वाया जाते.

आसनगाव_लोकल
माझा विरोध मुळापासून आहे. आसनगाव, बदलापूर, उरणहून येणारा विद्यार्थी हे सगळं गाडीत, फोनवर, तुटक रेंजमध्ये करतो. मूडलच्या ॲपमध्ये प्रश्नमंजूषा ऑफलाइन सोडवता येते हे खरं, पण त्यासाठी वेळमर्यादा काढावी लागते आणि अभिप्राय शेवटी देण्याचीच पद्धत निवडावी लागते. म्हणजे ज्या ताबडतोब अभिप्रायासाठी हा खटाटोप, तोच ऑफलाइनमध्ये मिळत नाही. नेट आल्यावर, उत्तरं जमा झाल्यावर कळणार की ब्युरेट शून्यापासून नव्हतं. तोवर डोक्यातून प्रश्न निघून गेलेला असतो.

त्यापेक्षा दोन-तीन एमबीची पीडीएफ द्या. प्रश्नाखाली लिहा: उत्तर ०.१३६ आलं तर पान ७, ०.०८०६ आलं तर पान ८. विद्यार्थी लगेच पान उलटतो. सर्व्हर नको, लॉगिन नको, तंत्रज्ञही नको.

बाळकुम_नाका
@आसनगाव_लोकल, ऑफलाइनचा मुद्दा मान्य, तो माझ्या हिशेबातून सुटला होता. पान ७, पान ८ ची पीडीएफ त्याच यादीतून तयार होते, म्हणून ती दोन्हीकडे वापरू. पण ‘तंत्रज्ञ नको’ हे पटत नाही. फिनॉल्फ्थॅलिनचा (रंग बदलून कुठे थांबायचं ते दाखवणाऱ्या दर्शकाचा) अंत्यबिंदू फिका गुलाबी असतो. फोनच्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आपोआप बदलत राहिला तर तो गुलाबी पांढरट दिसतो, आणि जादा कॉम्प्रेशनमध्ये उरलासुरला रंगही जातो. फ्लास्कखाली पांढरी टाइल, व्हाइट बॅलन्स लॉक, कॅमेरा ब्युरेटच्या रेषेच्या पातळीत. कुठे थांबायचं हे प्राध्यापक सांगेल, तो रंग पडद्यापर्यंत तंत्रज्ञच पोचवेल. ६०० केबीपीएसवर दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण ४५ एमबी होतो. इथे दीड मिनिट पुरतं, म्हणजे सात एमबीच्या आत.

@कोपरी_पूल, ६० प्रश्न करूच नका. एका घटकाचे बारा करा, सहा तास लागतील. चुका नव्याने शोधायच्या नाहीत, मागच्या सत्राच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांत त्या पडून आहेत. आकडे बदलून देणारा कॅल्क्युलेटेड प्रकार वापरला तर एका प्रश्नाचे हवे तेवढे संच निघतात, आणि चुकीच्या उत्तराचंही सूत्र देता येतं, त्यामुळे अभिप्राय आकड्यांबरोबर बदलतो. कार्यभार कमी व्हायला हवा, त्यात वाद नाही.

घणसोली_नोड
चाचणीच्या दिवसाबद्दल थोडक्यात. सर्व्हरच्या १ जीबी रॅममागे एकाच वेळी १० ते २० वापरकर्ते हा ढोबळ अंदाज धरा. १२० विद्यार्थी ठीक दहाला ‘सुरू करा’ दाबणार असतील तर ८ जीबीखाली जाऊ नका, किंवा चाळीस-चाळीसच्या तुकड्या पंधरा मिनिटांच्या अंतराने बसवा. उत्तरं दर मिनिटाला आपोआप साठवली जातात, तो भार वेगळा.

कोपरी_पूल
बारा प्रश्न जमतील. पण तुम्ही दोघंही चाचणीपाशी थांबलात, आणि खरी गरज त्यानंतर असते. मूडल प्रत्येक प्रश्नाचा डिस्क्रिमिनेशन इंडेक्स देतं, म्हणजे तो प्रश्न चांगले आणि कच्चे विद्यार्थी किती वेगळे करतो याचा आकडा. तो ऋण आला, म्हणजे एकूण चांगले गुण मिळवणारेच तो प्रश्न चुकवत आहेत, तर बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा टॉलरन्स घट्ट असतो. तो आकडा तंत्रज्ञाला दिसतो, त्याचा अर्थ मला कळतो. दोघांनी एका टेबलावर बसून तासभर हे पाहायला हवं. तसंच ०.१३६ आणि ०.०८०६ सोडून तिसराच एखादा आकडा वीस जणांनी लिहिला असेल, तर ती आपल्या यादीत नसलेली चूक आहे. तिचा अभिप्राय त्याच दिवशी भरायचा.

अडचण ही की अभ्यासक्रम सुरू झाला की तंत्रज्ञाचं कंत्राट संपतं. मग प्रश्नसंच जसाच्या तसा पुढच्या वर्षी वापरला जातो, चुकलेल्या उत्तरसूचीसकट. पहिल्या चाचणीनंतरच्या आठवड्यातला तो एक तास आणि वर्षभर दुरुस्तीची जबाबदारी करारात लिहून आणा, आणि माझ्या कार्यभारातले सहा तास कमी झाल्याचं पत्र. दोन्ही कागद आले की टायट्रेशनची यादी मी त्याच आठवड्यात देते.