मदत हवी आहे: रात्रीच्या ट्रिपला गाडीवर झोप येते, गोळी सुचवा

राजारामपुरी_वहिनी
लवकर उत्तर द्या, आज रात्री परत ट्रिप आहे. आमच्या ह्यांना गाडीवर झोप लागते. परवा कराड सोडल्यावर गाडी डिव्हायडरकडे गेली. क्लीनर पोरानं ओरडून स्टेअरिंग धरलं म्हणून दोघं वाचले. हे काही बोलले नाहीत, पोरानंच सांगितलं. झोप न येण्याची गोळी कुठली चांगली? चहा प्या, गाणी लावा हे सांगू नका, ते सगळं करून झालंय.

शिरोली_फाटा
वहिनी, गाडी कुठली, जाणं कुठं, निघतात किती वाजता? दिवसा झोपतात का? काहीच लिहिलं नाही तर सांगायचं काय?

चाक_आणि_पाना
गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी अलाइनमेंट बघा. पुढचे टायर आतून झिजलेत का? लोड गाडीला हवा कमी असली तरी असंच होतं. गोकुळ शिरगावला चांगले अलाइनमेंटवाले आहेत.

राजारामपुरी_वहिनी
गाडी चांगली आहे हो. मी झोपेचं विचारतेय. भाजीचा टेम्पो, कोल्हापूर ते पुणे मार्केट यार्ड. रात्री अकराला निघतात, पहाटे माल उतरला की लगेच परत. दुपारी एक-दीडपर्यंत घरी.

लाल_डबा_निवृत्त
एस.टी.त ड्रायव्हरकी करून रिटायर झालोय, म्हणून सांगतो. पहाटे तीन ते पाच हा वखत लई वाईट. त्या टायमाला भला भला माणूस पेंगतो. आम्ही स्टँडवर उतरून डोक्यावर पाणी मारायचो, कडक चहा घ्यायचो आणि निघायचो. गोळ्याबिळ्यांच्या नादाला लागू नका वहिनी.

डॉ_शाहूपुरी
मी फिजिशियन आहे. गोळी कुठलीही देऊ नका. जागं ठेवणारी औषधं झोपेची गरज भागवत नाहीत, फक्त ती झाकतात, आणि उतरली की झोप एकदम कोसळते.

काकांनी वेळ बरोबर सांगितली. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप सुस्तावतं. पाणी मारल्यानं मात्र चार-पाच मिनिटंच तरतरी येते. अशा वेळी डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद बंद पडतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर, तेही ब्रेकवर पाय न ठेवता.

सलग १७ तास जागलेल्या माणसाचं लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं मंदावतं. आपल्याकडे कायद्यानं मर्यादा ०.०३ आहे. दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात आपण किल्ली देत नाही, मग याला का द्यायची?

लाल_डबा_निवृत्त
डॉक्टरसाहेब, तुमचं खरं असेल, पण चहानं फरक पडतोच. मी अनुभवावरून बोलतोय.

डॉ_शाहूपुरी
पडतो, पण चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चहा-कॉफी घ्यायची आणि गाडी उभी करून लगेच वीस मिनिटं पडायचं. जाग येते तेव्हा कॉफीही लागू झालेली असते. हायवेच्या कडेला उभं राहायचं नाही, पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात.

शिरोली_फाटा
वीस मिनिटं झोपलं की मला उलट जास्त जड वाटतं. त्यापेक्षा कॅमेऱ्याचं यंत्र बसवा, डोळे मिटले की बोंबलतं.

डॉ_शाहूपुरी
अर्ध्या तासाच्या पुढं गेलात की गाढ झोपेतून उठता, म्हणून जड वाटतं. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं पायी फिरून मगच निघा. यंत्र बोंबलतं तेव्हा माणूस आधीच पेंगलेला असतो. ते असू दे, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

पंचगंगा_काठ
सगळे ड्रायव्हरलाच शिकवताय. मालकाला कोण विचारणार? १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, २०२५ पर्यंत चालला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तास झाले की अर्धा तास विश्रांती.

शिरोली_फाटा
तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना होता. दोन टेम्पोवाल्या मालकाला काय लागणार होता?

पंचगंगा_काठ
कायदा लागू नसला तरी माणसाचं शरीर तेच असतं ना? ट्रिपमागं पैसे म्हटल्यावर माणूस थांबणार कसा? आणि किणी नाक्यावर लाइनीतच किती वेळ जातो! टोल घेतात तर ट्रकवाल्यांना पडायला बरी जागा द्या की.

चाक_आणि_पाना
टोलचं काढू नका, त्याचा वेगळा धागा आहे. सध्या ऊस वाहतूक चालू आहे का? ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतो, झोपेत असलेल्याला ती दिसणारच नाही.

डॉ_शाहूपुरी
वहिनी, दोन प्रश्न राहिले. घरी आल्यावर सलग किती झोपतात? आणि घोरतात का?

राजारामपुरी_वहिनी
घोरतात की, शेजारच्यांनाही ऐकू जातं. पण त्याचा इथं काय संबंध? मधेच आवाज थांबतो, मग दचकून श्वास घेतात. झोपतात दोन-अडीच तास. चारला पोरं शाळेतून येतात, फोन चालू असतो, मग उठतातच. सध्या सर्दी आहे, रोज एक गोळी घेतात.

डॉ_शाहूपुरी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. घोरताना श्वास थांबणं हा झोपेतला श्वसनअवरोध असू शकतो. त्यात आठ तास झोपलं तरी झोप पुरत नाही, दिवसभर डुलक्या येतात. तपासणी होते, उपचारही आहेत. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, सिट्रिझिननंसुद्धा. गोळीचं नाव इथं लिहा आणि आज ती घेऊन गाडीवर बसू देऊ नका.

आजची ट्रिप त्यांनी करू नये. हे मी अगदी ठामपणे सांगतोय.

लाल_डबा_निवृत्त
वहिनी, डॉक्टरांचं ऐका. एक दिवस भाजी उशिरा पोचली तर बिघडत नाही. मालक काही म्हणाला तर परवा काय झालं ते स्पष्ट सांगा, लपवू नका. त्याचीही गाडी आहे.

राजारामपुरी_वहिनी
मालकाशी मीच बोलले. हे रागावलेत, पण थांबलेत. आज माझा चुलत दीर गाडी नेतोय. उद्या सीपीआर सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात दाखवायचं का?

डॉ_शाहूपुरी
हो, तिथून सुरुवात करा. आज ते झोपले की घोरतानाचा व्हिडिओ काढा, श्वास थांबतो तो भाग यायला हवा. सर्दीच्या गोळीचं पाकीट बरोबर न्या. दुपारची झोप अंधाऱ्या खोलीत, त्यांचा फोन तुमच्याकडे. रात्री निघण्याआधी पुन्हा तासभर तरी पडायला लावा. हे सगळं पुढच्या आठवड्यासाठी. आज ते घरीच.

लाल_डबा_निवृत्त
आणि तो दीर? दुपारी झोपलाय का तो?

राजारामपुरी_वहिनी
तो सकाळपासून दुकानात होता. थांबा, फोन लावते त्याला.