डिग्रीला म्युझिक घ्यावं का? आठ वर्षं गातेय पण थिअरी शून्य

सूरवेडी:
नमस्कार दादा-ताई लोकांनो. यंदा कॉलेजचा अर्ज भरायचाय आणि मेन विषय म्युझिकच घ्यायचा हे माझं पक्कं आहे. आठ वर्षं गुरुजींकडे ख्याल शिकतेय, रोज दीड तास तरी बसते. पण सगळं समोर बसून ऐकून ऐकून शिकलेय, ऑडिशनला स्वरलिपी, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, समोर ठेवली आणि गा म्हणाले तर मी तिथेच अडकेन. यमनचा आरोह अवरोह सांगीन, पण वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, गंधारच का हे विचारलं की संपलं. घरचे म्हणतात दुसरं काहीतरी घे, गाणं काय चालूच राहील. गुरुजी म्हणतात डिग्रीने गळा तयार होत नाही. मग तीन-चार वर्षं तिथे शिकवतात तरी काय? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज खरं सांगा.

खर्ज:
गुरुजी बरोबर बोलतायत. आमच्या वर्गात अठरा जण, प्रॅक्टिकलचा तास एकच, एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटं यायची, त्यात कुठला गळा तयार होतोय. ते काम घरी आणि गुरूसमोरच.

पण मला तिथे कान मिळाला. पहिला महिनाभर सरांनी गाऊच दिलं नाही, फक्त तानपुरा लावायला बसवलं. घोडीवर तारेखाली सुती धागा असतो ना जवारीचा, तो केसभर पुढे सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत केसभर मागे. एका जागी तार मुकी वाटते आणि जरासा सरकवला की एकदम खुलते. असं करता करता एक दिवस खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून गंधार ऐकू आला. चारपैकी एकही तार गंधाराला लावलेली नाही तरी तो स्वच्छ ऐकू येतोय! अंगावर काटा आला होता. मग ध्वनिशास्त्राच्या तासाला कळलं की तो स्वयंभू गंधार, तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट. तोच मध्य सप्तकात आणला की सा शी त्याचं नातं ५:४ आणि पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले असतात, १०० सेंटचा एकेक. मी लहानपणापासून पेटीबरोबर गायलेला, माझे गुरुजी सारखे "गंधार उतरव" म्हणायचे आणि मी अंदाजाने उतरवायचो. का उतरवायचा ते त्या दिवशी कळलं आणि त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

षड्जपंचम:
स्वरलिपीला घाबरू नकोस गं, रोज अर्धा तास दिलास तर दोन-तीन आठवड्यांत वाचायला लागशील, तुझ्या तर बंदिशी पाठच आहेत. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तारला म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. फक्त अभ्यासक्रमात कुठली पद्धत आहे ते आधी बघ, कारण पलुसकर पद्धतीत मंद्राचं टिंबच वर असतं आणि तारला वर उभी रेघ, तयारी एकीची आणि पेपर दुसरीचा असं झालं की सगळं सप्तकच उलटंपालटं होतं. येत असलेल्या बंदिशी आधी स्वतः लिहून काढ, वाचणं आपोआप येतं.

आणि वादी गंधारच का, तर यमन गाताना तू कुठे कुठे थांबतेस ते आठव. गंधारावर आणि निषादावर. ग ला सा मानलंस तर नि त्याचा पंचम होतो, म्हणून दोघांचं जमतं. हे तुला गळ्यात येतंच आहे, फक्त बोलून दाखवायचंय.

ठेका_सोडू_नका:
मी तबल्याचा. एकच कळकळीने सांगतो, पहिल्या वर्षी असाइनमेंट, प्रोजेक्ट आणि गॅदरिंगच्या नादात माझा रियाज तीन तासांवरून पाऊण तासावर आला आणि तो परत चढवायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. संगीताच्या डिग्रीत संगीतच मागे पडू शकतं हे कुणी आधी सांगत नाही. सकाळचा वेळ कुणालाही देऊ नकोस.

बाकी इतिहासाचा पेपर कंटाळवाणा म्हणतात पण मला तोच भिडला. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी वकिली सोडून गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून छापल्या. त्याआधी गुरूच्या घरात शिरकाव नाही तर विद्या नाही अशीच बऱ्याच जणांची गत होती. आपल्याला अर्ज भरून शिकता येतंय ते यांच्यामुळे, घरच्यांना हेही सांग.

सूरवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे, आत्ताच तीन बंदिशी लिहून काढल्या, मात्रा मोजताना दोनदा चुकले पण जमलं. खर्जदादा, माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे, त्यात तो गंधार ऐकू येईल का?

खर्ज:
खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग असेल तर थोडा येईल. पण धागा स्वतःच्या बोटांनी सरकवल्याशिवाय तो शोधायला कान शिकत नाही. गुरुजींकडे तानपुरा असेलच, उद्या अर्धा तास लवकर जा आणि लावू द्या म्हणून विचार.