ई-कचऱ्यात सीडी देण्याआधी : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

*सेक्रेटरी :* रविवारी सकाळी १० वाजता ई-कचऱ्याची गाडी गेटपाशी येईल. चार्जर, कीबोर्ड, बॅटऱ्या, सीडी वेगवेगळ्या पिशव्यांत आणाव्यात.

*ए-२०३ :* आमच्याकडे दोन खोकी गाण्यांच्या सीडी आहेत. प्लेअर बंद पडलाय, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. सगळं मोबाइलवर मिळतंच, त्यामुळे देऊन टाकते.

*बी-५०४ :* ताई, थांबा जरा. त्यातल्या दुकानातून घेतलेल्या किती आणि घरी बर्न केलेल्या किती?

*ए-२०३ :* निम्म्या-निम्म्या असतील काका. आईच्या घरगुती बैठका कॅसेटवर होत्या, त्या भावाने सीडीवर उतरवल्या होत्या. कॅसेट आता राहिल्या नाहीत.

*बी-५०४ :* मग त्या सर्वांत आधी संगणकावर उतरवून घ्या, याच आठवड्यात. विकतच्या सीडीवर माहितीचे बारीक खळगे साच्यातून दाबून उमटवलेले असतात. घरी बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता, दमट हवा लागून तो थर खराब होत जातो आणि वरून बघून काही कळत नाही. भीमसेनजींची किंवा किशोरीताईंची सीडी गेली तर दुसरी शोधता येईल. तुमच्या आईंचं गाणं मात्र त्या एकाच चकतीवर आहे.

*ए-२०३ :* हे लक्षातच आलं नव्हतं. आजच खोकी खाली काढते.

*सी-१०२ :* काका, मी बाबांची एक सीडी संगणकात घालून कॉपी-पेस्ट केली. फाइल आल्या, पण प्रत्येक १ केबीची, आणि वाजत नाहीत. सीडी गेली का?

*बी-५०४ :* सीडी ठीक आहे. त्या सीडीए फाइल आहेत. गाणं कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढंच त्यांत असतं, आवाज नसतो. ऑडिओ सीडी ‘रिप’ करावी लागते, म्हणजे खास सॉफ्टवेअरने त्यातला आवाज वाचून त्याची फाइल बनवावी लागते. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी घ्या, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही फुकट आहेत. शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतात. इतरांनी त्याच सीडीच्या केलेल्या रिपच्या ऑनलाइन यादीशी आपली रिप ताडूनही बघतात. घरच्या सीडी त्या यादीत नसणार, म्हणून त्या दोनदा रिप करून दोन्ही वेळचा सीआरसी आकडा (वाचलेल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) सारखा येतो का ते बघा.

*सी-१०२ :* आणि एमपी३ करू ना? जागा कमी लागते.

*बी-५०४ :* मूळ प्रत फ्लॅक या फाइल-प्रकारातच ठेव. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट असतो, ३२० किलोबिटचा एमपी३ त्यातला बराच भाग काढून टाकतो आणि तो परत आणता येत नाही. फ्लॅकमध्ये काहीच जात नाही, तरी आकार साधारण निम्म्यावर येतो. एक सीडी ३००-४०० एमबी धर. दोनशे सीडी ८० जीबीत बसतील. गाडीसाठी एमपी३ हवे असतील तर फ्लॅकवरून कधीही करता येतील. फक्त दुकानात मिळायच्या त्या ‘१०० गाणी’वाल्या एमपी३ सीडी तशाच कॉपी कर, त्यांचं फ्लॅक करून काही वाढत नाही.

*डी-४०१ :* चरे पडलेल्या सीडींचं काय? माझ्या तीन-चार अडकतात.

*बी-५०४ :* मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. खालच्या बाजूचा बारीक चरा बहुतेक वेळा निभावतो. छापील बाजू जपा वहिनी, माहितीचा थर तिथेच पातळ लॅकरखाली असतो. त्या बाजूला चिकटपट्टी असेल तर ओढून काढू नका.

आणि नावांकडे लक्ष द्या, सगळ्यांना सांगतोय. इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं शास्त्रीय संगीतात गोंधळ घालतात. कुठे रागाचं नाव कलाकाराच्या रकान्यात, कुठे एकाच गायकाची तीन स्पेलिंग. राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कधीचं ध्वनिमुद्रण, हे आतल्या पुस्तिकेत असतं. पुस्तिकेचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. ताई, तुमच्या बैठकींना तर पुस्तिकाच नाही. मामा, मावशी यांना ऐकवून कोण गातंय, कुठली बैठक, हे आत्ताच लिहून घ्या.

*ए-२०३ :* मावशी पुढच्या आठवड्यात येतेच आहे. तिला सगळं पाठ आहे.

*डी-४०१ :* सगळ्यांचं झालं की गूगल ड्राइव्हवर टाकून ग्रुपवर लिंक द्याल का?

*बी-५०४ :* विकतच्या सीडींची नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराची मुभा आहे, वाटपाची नाही. मूळ सीडीही जपून ठेवा. आईंच्या बैठकी नातेवाइकांना जरूर पाठवा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी कुणाकडे तरी असू द्या. एकाच हार्ड डिस्कवर सगळं ठेवलं तर ती बंद पडल्यावर हातात काही उरत नाही.

*सेक्रेटरी :* मग रविवारच्या यादीतून गाण्यांच्या सीडी काढतो. फुटलेल्या आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या तेवढ्या आणा.

*बी-५०४ :* माझ्याकडे यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आहे. ताई, संध्याकाळी सातनंतर न्या. घरच्या सीडी झाल्या की सी-१०२ ला द्या.

*डी-४०१ :* त्यानंतर माझा नंबर.