सोलरनंतर पॉवर फॅक्टर ०.७ वर, सीटी कुठे घ्यावी?

मदत हवी आहे. ११ केव्ही एचटी (उच्चदाब) जोडणी, करार मागणी ४०० केव्हीए, बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर (एकूण केव्हीएमधला प्रत्यक्ष किलोवॅटचा वाटा) घसरला की युनिट वाढतात. छतावर २०० किलोवॅट सोलर आल्यापासून दुपारी ग्रिडचा पॉवर फॅक्टर ०.७ पर्यंत घसरतो. कारण उघड आहे: लोड २५० किलोवॅट, ०.९७ पॉवर फॅक्टरवर. त्यातले १९० सोलर देतं, पण ६२ केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवर, जी प्रत्यक्ष काम करत नाही) सगळे ग्रिडकडूनच येतात. एपीएफसीची (कपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणाऱ्या पॅनेलची) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, लोडच्या फीडरवर आहे, त्यामुळे रिलेला सगळं छानच दिसतं! रिलेचं टार्गेट ०.९९ करून पाहिलं. पण कपॅसिटरची सर्वात लहान स्टेप २५ केव्हीएआरची, त्यामुळे कॉन्टॅक्टर (स्टेप जोडणारा स्विच) सारखा आत-बाहेर करतो. फिक्स कपॅसिटर नको, रात्री लीडिंग जातं (कपॅसिटरचे केव्हीएआर गरजेपेक्षा जास्त होतात) आणि तेही बिलात धरतात. रविवारी सोलरची ग्रिडला निर्यात असते. सीटी मेन इनकमरवर (ग्रिडकडून येणाऱ्या मुख्य फीडरवर) नेऊन फोर-क्वाड्रंट रिले (आयात-निर्यात दोन्ही ओळखणारा) बसवावा, की इन्व्हर्टरकडूनच केव्हीएआर घ्यावेत? आणि इन्व्हर्टरकडून घेतले तर ढगाळ दिवशी पॉवर फॅक्टर टिकतो का?