प्रति: हलगीचा लूप टेम्पोत बसत नाही

दादा, प्रोजेक्ट १०८ बीपीएमवर (मिनिटाला १०८ मात्रा) आणि हलगीचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, दुसऱ्या आवर्तनातच मागं पडतो म्हणताय, तर आधी लूपचा मूळ टेम्पो काढा. फाइलच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नका. समेपासून (आवर्तनाची पहिली मात्रा) समेपर्यंत नीट कापा आणि मात्रा मोजा. १६ मात्रा ९.६ सेकंदांत बसल्या तर १६ × ६० ÷ ९.६, म्हणजे १०० बीपीएम. मग रेट, म्हणजे वाजण्याचा वेग, १०८ ÷ १००, म्हणजे १.०८.

रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ऑल्ट दाबून क्लिपची कड ओढली की रेटच बदलतो. या चर्चेत वर कुणीतरी ‘प्रिझर्व्ह पिच’ (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारा पर्याय) चालू ठेवाच म्हटलंय. पेटी-बासरीला ते बरोबर, पण हलगीला बंद करून ऐका. आवाज सुमारे १.३ सेमीटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढतो, एवढंच. शेकलेली हलगी तशीही चढीच वाजते! उलट पिच धरून ताणलं की टिपरूचा (हलगी वाजवायच्या काडीचा) ठोका पिचपिचीत होतो.

आणि लूप आपल्या सांगलीतल्या मिरवणुकीत मोबाइलवर घेतलेला असेल तर एका रेटनं भागणार नाही. वाजवणारा रंगात आला की लय वाढतेच. तिथं प्रत्येक समेवर स्ट्रेच मार्कर (आवाज तिथून ताणता येईल अशी खूण) टाका आणि तेवढेच ग्रिडला, म्हणजे प्रोजेक्टच्या मात्रांच्या रेघांना, लावा. मधले ठोके हलवू नका, नाहीतर हलगीचं मशीन होईल.